दर्याधर सुटणार काय?

अहो, एवढं दचकायला काय झालं? मी ठसा बोलतोय. छापखान्यातला ठसा, फणसाच्या लाकडाचा, तळहाताएवढा. माझा चेहरा उलटा दिसतो म्हणून हसू नका. ठसा उलटाच असतो, आणि माझ्या नशिबात तर उलटं बरंच काही लिहिलेलं होतं.

माझ्या अंगावर एक वीर कोरलेला आहे. दर्याधर त्याचं नाव. डोक्याला मुंडासं, झुपकेदार मिशा, डोळ्यांपुरती भोकं पाडलेली काळी पट्टी, खांद्यावर वाऱ्यानं फडफडणारी काळी घोंगडी. बुडती गलबतं एका हातानं ओढून किनाऱ्याला लावणारा गडी! पण मेलं नशीब बघा, मला गलबत ओढताना कोरलंच नाही. कोरलं ते समुद्रातल्या खडकाला सुंभाच्या दोरानं करकचून बांधलेला असताना. भरतीचं पाणी कमरेला लागलंय. दोरातून कसाबसा एक हात सुटलाय आणि कमरेच्या आकडीत अडकवलेली कोयती त्या हातापासून बोटभर लांब आहे. झालं. त्या बोटभर अंतरात माझी सगळी हयात गेली.

जन्म माझा रत्नागिरीचा, एकोणीसशे सत्तावीसच्या आसपासचा. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत हरिश्चंद्राचा छापखाना होता. हा हरिश्चंद्र मुंबईच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून आला होता आणि येताना पायानं चालवायचं एक जुनं यंत्र आगबोटीतून घेऊन आला होता. लग्नपत्रिका नि जत्रेच्या जाहिराती छापून पोट भरायचं, आणि हौस म्हणून ‘गलबत’ नावाचं मासिक काढायचं. मासिकाला वाचक बेताचेच.

मला कोरलं त्याच्या बहिणीनं, कमळानं. त्यांचे वडील होड्या बांधणारे सुतार, त्यामुळं पटाशी तिच्या हातात लहानपणापासूनची. लग्न झालं, नवरा आगबोटीवर खलाशी म्हणून गेला. ‘पुढच्या खेपेला येतो’ म्हणाला, तो आलाच नाही. बोट बुडाली म्हणावी तर खबर नाही, मेला म्हणावा तर पुरावा नाही. कमळा कुंकू लावून माहेरी राहिली. सौभाग्यवती म्हणायची लोकांना लाज वाटे आणि विधवा म्हणायची भीती वाटे. अशा बाईच्या डोक्यात दर्याधर आला यात नवल ते काय?

पण पोरीनं पहिल्याच ठशात घोटाळा केला. चित्र कागदावर काढलं तसंच लाकडावर उतरवलं. ठसा छापला की उलटतो हे तिच्या गावीच नव्हतं. महिपत म्हणजे यंत्र चालवणारा आमचा माणूस. त्यानं मला शाई लावली, पहिला कागद काढला आणि तो हसत सुटला.

“कमळाबाय, तुझा वीर डावरा झाला गो!”

खरंच. तिनं उजवा हात कोयतीकडे नेला होता, कागदावर तो डावा झाला. हरिश्चंद्र कपाळाला हात लावून बसला. कमळा मात्र म्हणाली, “असू दे की. डाव्या हाताची थप्पड काय कमी लागते?” मला ती तिथंच आवडली. आपली चूक तिनं माझा गुण करून टाकली.

मग ‘गलबत’च्या शेवटच्या पानावर मी छापला गेलो. माझ्या डोक्यावर मोठ्या खिळ्यांत: ‘येत आहे! येत आहे! डावखुरा वीर दर्याधर! अद्भुत साहसांची सचित्र कथामाला!’ आणि माझ्या पायाखाली: ‘दर्याधर सुटणार काय? वाचा पुढील अंकापासून!’

काय सांगू महाराजा, नुसती झुंबड! लांज्याचे दुकानदार, मुरुडचे मास्तर, कोर्टातले कारकून, सगळे विचारायला लागले, “काय हो, सुटतो का तो?” पुढचा अंक हातोहात खपला. आणि त्यात काय होतं? एका कोपऱ्यात बारीक ओळ: ‘जागेअभावी दर्याधराची कथा या अंकी देता आली नाही. वाचकांनी क्षमा करावी.’ वर पुन्हा मी, बांधलेला. खाली पुन्हा तेच: पुढील अंकापासून!

जागा होती. चांगली चार पानं काकडीच्या आणि पडवळाच्या भाज्यांवर खर्ची घातली होती. पण हरिश्चंद्राच्या लक्षात एक गोष्ट आली होती. गोष्ट छापली की ती संपते. जाहिरात कधी संपत नाही.

कमळा रोज विचारायची, “दादा, दुसरा ठसा कधी कोरू?”

“कोरशील गो. आधी देवीचा कौल घेऊ. एवढं मोठं काम, विचारल्याशिवाय कसं करायचं?”

गेला देवळात. गुरवानं देवीच्या अंगावर कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. कळी पडली डावीकडची. डावा कौल म्हणजे नकार, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. हरिश्चंद्र जड चेहऱ्यानं घरी आला, पण मला तो चेहरा काही फारसा जड वाटला नाही.

कमळा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “डावा पडला? मग होच म्हणाली देवी! आपला दर्याधर डावरा. त्याला डावा तोच उजवा.”

महिपतनं शाईचा रूळ टाकला आणि टाळी वाजवली. हरिश्चंद्र म्हणाला, “देवाच्या गोष्टीत वकिली करू नये.” आणि कथा राहिली ती राहिलीच.

वर्षभरानं लोक कंटाळले. तेव्हा या गृहस्थानं नवीन शक्कल काढली. ‘दर्याधर पुन्हा येत आहे! संपूर्ण नव्या रूपात!’ नवं रूप कुठून आणणार? लाकडातून काढता येतं, लाकडात घालता येत नाही. मग माझ्या मिशा तासल्या. बिनमिशांचा दर्याधर! मला स्वतःची लाज वाटली, पण लोक पुन्हा धावले. त्याच्या पुढच्या खेपेला मुंडासं गेलं. मग घोंगडीचा काळा रंग खरवडून तिच्या नुसत्या रेघा ठेवल्या आणि वर छापलं, ‘आता अधिक तेजस्वी!’ दर वेळी खरवडायला कमळाच. दर वेळी भाऊ म्हणायचा, “एवढ्या वेळेस कर, या वेळी नक्की छापतो.” आणि ती वेडी दर वेळी आशेनं पटाशी उचलायची. मी झिजत होतो तो तिच्या आशेपायी. तिच्यावर राग तरी कसा धरणार? धरला, खोटं कशाला बोलू. पण फार वेळ टिकला नाही.

एकदा ती म्हणाली, “माझं नाव नको घालूस हवं तर. गोष्ट तेवढी छाप.”

“नावाचं नाही गो कमळे. लोक काय म्हणतील? नवऱ्याचा पत्ता नाही आणि ही बांधलेल्या पुरुषांच्या गोष्टी सांगतेय!”

त्या दिवशी दुपारी छापखान्यात कुणी नव्हतं. ती आली, मला मांडीवर घेतलं, बारीक पटाशी काढली आणि छातीवरच्या दोराला लावली. अहो, माझा जीव लाकडात मावेना! चार रेघा खरवडल्या की मी मोकळा. एक रेघ तिनं अर्धी कापलीसुद्धा.

तेवढ्यात हरिश्चंद्र आला. त्यानं तिचा हात धरला. “काय करतेस? दोर कापलास तर पुढचा अंक कोण घेईल?”

“आणि नाही कापला तर?”

“नाही कापला तर लोक वाट बघतील.”

“दादा, वाट बघणं म्हणजे काय ते मला विचार,” ती म्हणाली आणि रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. हरिश्चंद्रही वरमला, पण त्यानं मला कपाटात घातलं आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी करदोट्याला बांधली. महिन्याला एकदा बाहेर काढायचा, फर्म्याच्या लोखंडी चौकटीत आवळायचा, छापायचा आणि पुन्हा कोंडायचा. कपाटात अंधार, वाळवीची भीती, शेजारी गणपतीचा एक तुटका ठसा, तोही मुका.

कमळानं पटाशी ठेवून दिली. ती मागीलदारच्या विहिरीवर जास्त वेळ रमायला लागली. गल्लीतल्या बाया पाण्याला येत, बंदरावरच्या येत, माहेरपणाला आलेल्या परगावच्या येत. रहाट करकरायचा, मग थांबायचा. कमळाचा आवाज यायचा, हळू, कुजबुजल्यासारखा. मग एकदम सगळ्या हसायच्या. काय बोलतेय, कपाटातून मला ऐकू यायचं नाही. फक्त हसणं यायचं, आणि शेवटी मोठ्यानं बोललेलं तेवढं. कुणी एक म्हणायची, “पुढं काय झालं गो?” आणि ती म्हणायची, “उद्या सांगीन.” तिचा ‘उद्या’ मात्र खरोखर दुसऱ्या दिवशी यायचा.

पुढं काय झालं, हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं हो! ज्याची गोष्ट त्यालाच माहीत नाही. मी मनाशी ठरवलं होतं, भरतीच्या लाटेनं आकडी वर उचलली असणार, कोयती माझ्या डाव्या हातात आली असणार आणि एका घावात दोर तुटला असणार. दुसरं काय होणार? वीर आहे मी.

अशी वर्षं गेली. मग एक दिवस केळशीचा धाकू नावाचा मच्छीमार नाटकाच्या जाहिराती छापायला आला. मी नेमका यंत्रावर होतो. त्यानं भिंतीवर चिकटवलेला ‘गलबत’चा नवा कागद पाहिला आणि खो खो हसायला लागला.

“ह्यो अजून हितं बांधलेलाच? आमच्या केळशीत तर चार शिमग्यांमागंच सुटला!”

हरिश्चंद्राच्या हातातला खिळा खाली पडला. “सुटला? कसा सुटला?”

“आमी सोंग काढलं व्हतं ना दर्याधराचं. माझी बायको हितं रत्नागिरीत माहेरपणाला आली व्हती, ती गोष्ट घेऊन आली. खडकांवरच्या शिंपल्यांतली कालवं काढून बाया परत येत असतात, भरती लागलेली. त्यांना ह्यो दिसतो. ‘अगो बायांनो, कोण मेला बांधून घातलाय?’ म्हणतात, आणि कालवं फोडायच्या कोयत्यांनी दोर कापतात. मग ह्याची गत अशी, की एवढा मोठा वीर, पण बायांच्या टोपल्या वाहात किनाऱ्याला येतो! काय हसली जत्रा! आता दर शिमग्याला पोरं भांडतात, दर्याधर कोण हुणार म्हणून. कोयती डाव्या हातातच धरायची, ह्या नेमासकट.”

मला? दर्याधराला? कालवंवाल्या बायांनी सोडवलं? वर टोपल्या वाहायला लावल्या? क्षणभर माझ्या लाकडाला तडा जाईल असं वाटलं. पण मग विहिरीवरचं ते हसणं आठवलं आणि कळलं, मला किती जणी सोडवत होत्या ते. माझा सगळा ताठा उतरला.

धाकू गेला. हरिश्चंद्र भिंतीवरचा कागद काढून यंत्रापाशी बसला. जाहिरात मेली होती. ज्याचा शेवट शिमग्यात नाचतो, त्याची वाट कोण बघणार? मग उठला, मला फर्म्यातून सोडवलं, पटाशी शोधली आणि मागीलदारी गेला. कमळा कळशी घासत होती.

“कमळे, काप हा दोर,” तो म्हणाला. आवाज पडला होता त्याचा. “सगळी गोष्ट छापतो. पहिल्या पानावर तुझं नाव घालतो. माझं चुकलं गो.”

तिनं राखेचा हात पुसून मला घेतलं. मिशा नसलेला माझा चेहरा अंगठ्यानं चाचपला. आता, आता...

“दादा,” ती म्हणाली, “आता छापून कुणाला सांगायचंय? केळशीला ठाऊक आहे, बंदरावर ठाऊक आहे. आणि गोष्ट कुणाची तेही बायांना ठाऊक आहे. नव्या गोष्टी आहेत माझ्याकडे. छापायच्या असतील तर विहिरीवर येऊन ऐक, मग बघू.”

“आणि याचं काय करू?”

तिनं मला त्याच्या हातावर परत ठेवलं. “हे लाकूड आहे. माझा दर्याधर इथून कधीच गेला.”

बोलली सहज, रागानं नव्हे. मग कळशी कंबरेवर घेतली आणि गेली. विहिरीवरून कुणीतरी ओरडलं, “कमळे, आज उशीर गो!” आणि ती हसली. मोकळं हसली. मला तिच्यासाठी बरं वाटलं. माझ्यासाठी नाही वाटलं.

तर असा आहे मी. हरिश्चंद्रानं मला कपाटात ठेवलं, या वेळी कुलूप न लावता. कोंडावं इतकी आता माझी किंमत नाही. सगळ्या किनाऱ्यावर दर्याधर सुटलाय, नाचतोय, बायांच्या टोपल्या वाहतोय. बांधलेला राहिलोय तो मी एकटा. पाणी कमरेला आहे, चढत नाही नि उतरतही नाही.

बायांनो, तुमच्यापैकी कुणी कधी या गल्लीत आलात आणि हाताशी कोयती असली, तर आत या. छातीवरची एक रेघ कमळानं अर्धी कापून ठेवली आहे, तिथून सुरुवात करा. वीर म्हणून नका सोडवू, लाकूड म्हणून सोडवा. टोपल्या वाहायची माझी तयारी आहे. दार नुसतं लोटलेलं असतं, खालच्या खणात पाहा.