माघारी न गेलेला धोटा

मित्रांनो, नाकाला चीर पडलेला मी एक जुना धोटा. सोलापुरात साखर पेठेतल्या हातमागावर माझी उमर गेली. पोटात सुताची कांडी घ्यायची, ताण्याच्या उभ्या धाग्यांतून पलीकडे धावायचं आणि लगेच माघारी यायचं, एवढंच माझं काम. नुसता गेला आणि आला नाही, तर त्याला धोटा कोण म्हणेल? माझ्या कांड्या फुलाबाई भरायची. माझा धोटा लई गुणाचा, असं ती सगळ्यांना सांगायची आणि मी फुशारून जायचो.

पुढे चीर पडली, सूत तुटू लागलं आणि मालकाने मला कोपऱ्यात फेकलं. कामापुरता मामा, दुसरं काय! तिथून मला मायाप्पाने उचललं. तो पहिल्या महायुद्धात तुर्कांशी लढून परतलेला शिपाई. गिरणीजवळ त्याचं चहाचं हॉटेल होतं. फुलाबाईचा लेक येडू त्याच्याच पलटणीत होता. तो परतला नाही. गोळी लागली आणि जागच्या जागी गेला, असं मायाप्पाने तिला सांगितलं होतं. लेकाला तळमळावं लागलं नाही, एवढ्या आधारावर ती माउली दिवस काढत होती.

गिरणीच्या सुटीच्या दिवशी मायाप्पा गिऱ्हाइकांबरोबर टेबलावर बसऱ्याच्या बंदराची लढाई खेळायचा. खडूने नदी काढायची, अलीकडे बंदर. चिंचोके आपले शिपाई, ज्वारीचे दाणे तुर्क, कवड्या टाकून चाल. मी होडी. पलीकडचे चिंचोके पोटात घेऊन मी बंदर राखायला आणायचो. पण सगळे पोटात मावायचे नाहीत आणि मायाप्पाचा नियम होता, होडीची खेप एकदाच. डाव जिंकला तरी एक चिंचोका पलीकडे उरायचाच. लोक वाद घालायचे, तो ऐकायचा नाही. त्या एकट्या चिंचोक्याकडे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा मालकासाठी चहा न्यायला फुलाबाई चरवी घेऊन आली. तिने मला लगेच ओळखलं. मग तिची नजर नदीपलीकडे उरलेल्या चिंचोक्याकडे गेली.

"त्यो का ऱ्हायला तितं?"

"होडी भरली हुती, मावशी," मायाप्पा म्हणाला.

"मग माघारी धाडायची की. धोटा हाय त्यो."

मायाप्पाच्या हातातल्या कवड्या गळून पडल्या.

"नावाडी जानार हुता माघारी," तो म्हणाला. "कोन ऱ्हायलंय का, म्हनून पुसलं त्यानं. म्या सांगितलं, समदी आली. लई भ्या वाटलं, मावशी. येडू जित्ता हुता. हाका मारत हुता."

फुलाबाई रडली नाही. तिने मला खडूच्या नदीपलीकडे नेलं, तो चिंचोका माझ्या पोटात ठेवला आणि मला बंदरात आणलं. मग चिंचोका पदराच्या गाठीत बांधून ती निघून गेली. चरवी तिथेच राहिली.

त्यानंतर मायाप्पाने डाव मांडला नाही. आता तो रोज तीच चरवी चहाने भरून तिच्या दारी नेतो. चरवी भरलेलीच माघारी येते.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकू नका, हे मी सांगणार होतो. पण आता मागणं एवढंच आहे. मागे कोणी राहिलंय का, असं कोणी विचारलं, तर आधी वळून बघा, मग तोंड उघडा.