धडधडणारं कापड

लिबेरेट्स शहरातली लोकरीची गिरणी बंद पडली, तेव्हा ब्लांकाच्या बोटांना सत्तावीस वर्षांची सुताची सवय होती. त्या सवयीवरच तिला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. इथं ना सूत कातायची चाती, ना माग. काचेच्या पेटीत सुईच्या टोकाशी चिकट द्रावणाचा थेंब यायचा, विजेचा दाब दिला की त्यातून धागा सुटायचा आणि समोरच्या पत्र्यावर जाऊन बसायचा. केसाहून कितीतरी बारीक. डोळ्यांना दिसायचा तो नुसता पांढरा पापुद्रा.

"बोटाला लागत नाही त्याला मी सूत म्हणणार नाही," ब्लांका म्हणायची.

डॉक्टर राद्का त्या पापुद्र्यावर उंदराच्या हृदयाच्या पेशी वाढवत होती. पेशी जगायच्या, पण एकीचा ठोका दुसरीशी जुळेना.

"दीड वर्ष झालं, ब्लांकाबाई. जी ती आपल्याच तालात!"

खसखस लावलेला बनपाव खाता खाता ब्लांकानं पडद्यावरचं धाग्यांचं छायाचित्र पाहिलं. "जुळणार कसा? हा तर सगळा गुंता. लोकरीसारखा विंचरून सरळ केलेला कुठंय?"

"पत्र्याऐवजी फिरत्या रुळावर धागा घेतला की सरळ बसतो. पण आमचा तुटतो."

"हवा किती कोरडी आहे इथली! गिरणीत आम्ही आधी हवेत पाणी फवारायचो, मग चाती फिरवायचो."

राद्कानं पेटीत ओलावा वाढवला. ब्लांका तीन आठवडे रुळाचा वेग कमीजास्त करत राहिली. शेवटी पापुद्रा अखंड उतरला, आणि राद्कानं त्यावर पेशी सोडल्या.

सहाव्या दिवशी तिनं ब्लांकाला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. धाग्यांच्या कडेनं पेशी लांबट होऊन ओळीनं पहुडल्या होत्या. एकाएकी सगळं एकदम आक्रसलं, सैल झालं, पुन्हा आक्रसलं.

"टेबल कोण हलवतंय गं?"

"कुणीच नाही."

ब्लांकानं टेबलावरचे हात उचलले. तरी ते आक्रसणं थांबेना. आयुष्यभर तिनं कोटांसाठी सूत काढलं होतं. त्यातलं एकही आपणहून हललं नव्हतं.

"याला दुखत असेल का, पोरी?"

राद्कानं खुर्ची जवळ ओढली आणि स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

दोघी आळीपाळीनं पाहत राहिल्या. ब्लांकाची घरी जायची ट्राम गेली, तिच्यामागची दुसरीही गेली.