पाटीला हात

प्रयागबाईनं मनगटावरचा दोरा विळ्यानं कापला तेव्हा तिची धाकटी जाऊ हौसाबाई पाच पावलांवर, वांग्याच्या वाफ्यात उभी होती. पुढं कितीतरी दिवस तिला तो दोरा तुटल्याचा आवाज आठवायचा. दोरा तुटताना आवाज कुठला यायला? पण हौसाबाईला तो आला होता, आणि आला म्हणजे आला.

दोरा म्हणजे वचनदोरा. वाशीमच्या खालच्या अंगाला माळ्यांचा एक पुरा होता आणि त्यातली झाडून सगळी घरं वचनी पंथाची होती. गादीवरचे बाबा बोलतील ते वचन, त्याच्यापुढं देवानंही बोलायचं नाही. वचनी माणसानं कांदा-लसूण खायचा नाही, लावायचाही नाही. पंथाबाहेरच्या हातचं पाणी प्यायचं नाही. लेकराचं नाव बाबाच ठेवणार. मठात हसायचं नाही, आणि बायकांनी तर घरातही मोठ्यानं हसायचं नाही. आता बाबांचं बोलणं असं की न हसणं अवघडच, त्यामुळं बायाबापड्या बिचाऱ्या पदरात तोंड खुपसून बसत. आणि ज्यानं दोरा काढला तो मेला असं धरायचं. त्याच्याशी बोलणं नाही, त्याला पाणी नाही, मग तो पोटचा का असेना.

हौसाबाईचा नवरा भगवंतराव मठाचा कारभारी होता. प्रयागबाई त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. शेजारी घर, शेजारी मळा. नियम पाळण्यात तिचा हात धरणारं पुऱ्यात कुणी नव्हतं. अशी नाकासमोर चालणारी बाई की कुणी खाकरलं तरी पदर सावरायची. ती काही वेगळं करील असं कुणी म्हटलं असतं, तर हौसाबाईनं त्याला वेड्यात काढलं असतं.

झालं ते असं. प्रयागबाईच्या लेकीचा, अंजनाचा नवरा चंपत जऊळक्याच्या स्टेशनावर हमाल लागला. दिवसभर ओझी वाहायची आणि तहान लागली की पाणी कुणाच्या हातचं याची चौकशी करत बसायचं, हे त्याला जमेना. एक दिवस स्टेशनावरच्या रांजणातलं पाणी तो सगळ्यांसारखा घटाघटा प्याला आणि दोरा काढून मोकळा झाला. त्याच्याबरोबर अंजनाही पंथाला मेली. वर्षभर प्रयागबाईनं लेकीचं नाव काढलं नाही. आणि हिवाळ्याच्या तोंडाशी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं म्हणून, अंजना बैलगाडीतून दारात आली. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले.

भगवंतराव गाडीला आडवा झाला. "वयनी, बाबाचं वचन हाय. गाडी माघारी जाऊ द्या."

"पोरीले पाणी तरी पाजू द्या," प्रयागबाई म्हणाली.

"मेलेल्याले पाणी कोन पाजते?"

प्रयागबाईच्या हातात भाजी कापायचा विळा होताच. तिनं दोरा कापला आणि दिराच्या पायाशी ठेवला. "घ्या. आता मीबी मेली. मेलेल्या मायले मेलेली लेक चालते." मग तिनं अंजनाला धरून गाडीतून उतरवलं आणि घरात नेऊन तांब्याभर पाणी दिलं. पुऱ्यात कुणाला काही बोलायचं सुचलं नाही.

सुचलं ते बाबांना, दुसऱ्या दिवशी मठात. "तिले शिवी देऊ नका, तिच्या घरावर गोटा मारू नका. फक्त तिच्या पाटीले कोनी हात लावायचा नाही. दोन-चार बाजार जाऊ द्या, नाक घासत येते का नाही पाहा."

बाबा माळ्याचंच पोर, त्यामुळं कुठं दाबलं की दुखतं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. वांग्यांनी, मुळ्यांनी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या ओल्या जुड्यांनी गच्च भरलेली पाटी एकटीनं जमिनीवरून डोक्यावर घेता येत नाही. समोरून कुणी तरी हात लावावाच लागतो. प्रयागबाई आणि हौसाबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून एकमेकींच्या पाटीला हात लावत आल्या होत्या. आधी हौसाबाईची पाटी चढायची. मग डोक्यावरची पाटी एका हातानं सावरत हौसाबाई दुसऱ्या हातानं प्रयागबाईच्या पाटीला टेका द्यायची. ही युक्ती साधी नाही. जिच्यावर जिवापाड भरवसा आहे तिच्याबरोबरच ती करता येते.

आता अंजना तशा अवस्थेत. ती हात लावायला उठली की माय डोळे वटारायची. प्रयागबाईनं पहिल्या बाजाराला अर्धीच पाटी नेली. वाशीमच्या बाजारात तिचा माल घेणारा रहीम बागवान पाटीत डोकावून म्हणाला, "इतनाच, मौसी?" ती म्हणाली, "इतनाच." उरलेला भाजीपाला मळ्यात पिवळा पडला. हौसाबाईच्या पाटीला त्या दिवसापासून भगवंतराव हात लावू लागला, आणि तो गाढवाच्या पाठीवर गोणी टाकावी तसा लावायचा. कुंपणापलीकडं प्रयागबाई एकटी वाकलेली दिसायची आणि हौसाबाईचे पाय कुंपणाकडं वळायचे. पण ती तोंडात मूग धरून होती. नवरा कारभारी, सारा जन्म याच पुऱ्यात काढायचा. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाजही वाटत होती.

पुढच्या बाजाराआधी प्रयागबाईनं पदर खोचला. विहिरीकडची माती आणली, पाण्यात कालवून तुडवली आणि वाटेच्या कडेला छातीएवढा ओटा घातला. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. बाजाराच्या दिवशी तिनं रिकामी पाटी ओट्यावर, कड जरा बाहेर काढून ठेवली, मळ्यातून ओंजळ ओंजळ भाजी आणून ती तिथंच भरली, चुंबळ डोक्यावर ठेवून वाकली, पाटीखाली डोकं घातलं आणि सरळ उभी राहिली. गच्च भरलेली पाटी घेऊन ती मठासमोरून गेली. इकडं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. हौसाबाईला वाटलं, धावत जाऊन या बाईच्या पाया पडावं.

एका सकाळी ओटा फोडलेला सापडला. प्रयागबाईनं कुणाला विचारलं नाही, कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. तिनं तो पुन्हा घातला, आता नाल्यातले गोटे आणून, पहिल्यापेक्षा रुंद. आणि ओट्यामागच्या वाफ्यात, मठातून स्वच्छ दिसतील असे, तिनं कांदे लावले.

मग अंजना बाळंत झाली. मुलगी झाली. नाव बाबांनी नाही, अंजनानं ठेवलं: बकुळा. त्या दुपारी हौसाबाई धान्य निवडत अंगणात बसली होती आणि शेजारच्या घरातून कुणीतरी खळखळून हसलेलं तिनं ऐकलं. कोण पाहुणी आली म्हणून तिनं कान दिला. पाहुणी नव्हती, प्रयागबाईच होती. एवढी वर्षं शेजारी काढली आणि आपल्या जावेचं हसू कसं असतं हे आपल्याला ठाऊक नाही, हे हौसाबाईला त्या दिवशी कळलं. 

पुढचा बाजार आला. ऊन चांगलं वर आलं होतं, बायका मठासमोर पाट्या घेऊन जमल्या होत्या. भगवंतराव हौसाबाईच्या पाटीला हात लावायला वाकला.

"राहू द्या," ती म्हणाली. आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या प्रयागबाईला तिनं हाक मारली, "बाई, जरा हात लावता का?"

प्रयागबाई जवळ आली. ती हळूच म्हणाली, "हौसे, तुह्या हाती दोरा हाय."

"हाय ना. दिसू द्या."

"घरात पाय ठेवू देनार नाही तुले," भगवंतराव दातओठ खात म्हणाला.

"घर तुमचं एकट्याचं हाय काय?" हौसाबाई म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं नवऱ्याला उलट उत्तर दिलं होतं.

प्रयागबाईनं पाटी उचलली, तिच्या डोक्यावर बेतानं ठेवली, जरा फिरवून बसवली, पूर्वी ठेवायची तशीच. मग ती आपल्या ओट्याकडं वळली. हौसाबाई मागोमाग गेली.

"मले ओटा हाय, हौसे. घेईन मी एकली."

"मले मालूम हाय, घेसान. तरी वाका तुमी."

प्रयागबाई वाकली. हौसाबाईनं एका हातानं आपली पाटी सावरली आणि दुसरा हात, दोऱ्याचा, सगळ्यांसमोर प्रयागबाईच्या पाटीला लावला. दोघी सरळ उभ्या राहिल्या आणि वाशीमच्या वाटेला लागल्या. पुरा मागं पडला. मग प्रयागबाई म्हणाली, "भगवंतरावाचं तोंड पाह्यलं काय?" आणि हौसाबाई हसली, मोठ्यानं, पाटी दोन्ही हातांनी धरून, वाटेनं जाणारे गाडीवान वळून पाहत होते तरी.