एक केस कमी

"ह्या बाप्या माणसाला आदी भाईर काढा. मग माझ्या सुनंला हात लावा."

कस्तुराबाई लेबर रूमच्या दारात पदर खोचून उभ्या होत्या. आत टेबलावर त्यांची सून दीपाली कळा सोसत होती, इन्चार्ज अयोध्या सिस्टर हातमोजे चढवत होत्या, आणि ज्याला बाहेर काढायचं तो रामहरी भिंतीला पाठ लावून, मान खाली घालून उभा होता. सिस्टर काही बोलायच्या आतच तो निघाला. कोणत्या बोलण्यावर थांबायचं आणि कोणत्या बोलण्यावर निघायचं, हे त्याला एव्हाना कळायला लागलं होतं.

रामहरी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सच्या, तिसऱ्या वर्षाला होता. गाव जळकोटच्या पुढं. गावात घर होतं, पण बाप ज्ञानोबा वर्षातला बराच काळ मेंढरांमागं रानोमाळ. घराण्यात बारावी झालेला रामहरी पहिलाच. त्याच्या मास्तरांनी नर्सिंगचं सुचवलं, तेव्हा 'नर्स तर बाया असतेत' म्हणून पारावर बरेच दिवस हसू झालं होतं. ते हसण्यावारी नेऊन तो इथवर आला होता. पट्टी बांधणं, सलाईन लावणं, म्हाताऱ्या पेशंटला कुशीवर वळवणं, सगळ्यात त्याचा हात बसला होता. अडलं ते तिसऱ्या वर्षात.

प्रात्यक्षिक परीक्षेला बसायचं तर ठरलेल्या संख्येइतकी बाळंतपणं विद्यार्थ्यानं स्वतः केलेली असावी लागत. पाहिलेली वेगळी, मदत केलेली वेगळी. स्वतः केलेलं म्हणजे बाळ त्याच्या हातात आलेलं. प्रत्येक केस लिहून काढायची, तीवर शिक्षिकेची सही घ्यायची. सह्या पुऱ्या नसतील तर हॉलतिकीट नाही. नियमाला मुलगा-मुलगी सारखीच होती. लेबर रूममधल्या बायकांना नव्हती.

मुलींच्या केसेस कधीच पूर्ण झाल्या होत्या. रामहरीनं कुठं अयोध्या सिस्टरांच्या शब्दावर, कुठं घरची माणसं बाहेर गेल्याचा फायदा घेऊन एकेक केस जमवली होती. आता एकच कमी होती, आणि सह्यांचा उद्या शेवटचा दिवस होता.

तो बाकावर जाऊन बसला. थोड्याच वेळात दार पुन्हा उघडलं आणि आतून कस्तुराबाईच बाहेर आल्या.

"आज्जी, तुमीबी जरा भाईर बसा," मागून अयोध्या सिस्टरांचा आवाज आला. "तुमच्या बोलण्यानं तिचा जीव घाबरा व्हतोय."

बाक एकच होता. कस्तुराबाई त्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक बघून झाल्यावर त्या त्याच्याकडं न बघताच बोलल्या.

"कुठला रं तू?"

"जळकोटच्या म्होरं, आज्जी."

"कुणाचा?"

"ज्ञानोबा देवकत्यांचा. मेंढरं हैत आमची."

"मेंढरावाल्याचं पोरगं, अन् हितं बायांच्यात काय करतुयास?"

"शिकतोय. ह्यो बी अभ्यासच हाय. एक बाळंतपण ऱ्हायलंय. ते झालं की परीक्षेला बसता येतंय."

कस्तुराबाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट वळून बघितलं. "म्हंजे माझी सून म्हंजी तुझी परीक्षा व्हय?"

"तसं न्हाय, आज्जी..."

"तसंच हाय. न्हाय म्हणू नगं."

बाई खरं बोलत होती. सकाळपासून तो टेबलावरच्या बाईकडं राहिलेली एक केस म्हणूनच बघत होता. बघत होता हेही खरं नव्हतं.

तेच कस्तुराबाईंनी धरलं. "मगाधरनं बघतीया म्या. तू तिच्याकडं एकडाव तरी बघितलास का? भिताडाला चिकटून हुबा, खाली मुंडी घालून. तूच लाजतुयास, मग ती का न्हाय लाजायची?"

आतून दीपालीचा आवाज चढला, उतरला. कस्तुराबाईंनी गळ्यातली पोत मुठीत घट्ट धरली. रामहरीनं ते बघितलं. बाई चिडलेली नव्हती, भ्यालेली होती.

मग अयोध्या सिस्टरांनी दारातून डोकं बाहेर काढलं. दुसरी सिस्टर एका पेशंटला घेऊन गाडीबरोबर पुढच्या दवाखान्यात गेली होती. "रामहरी, हात धुवून ये. मला माणूस लागतंय."

तो उठला नाही. त्यानं कस्तुराबाईंकडं बघितलं.

"जा," त्या म्हणाल्या. "पर तिच्यासंगं बोल. मुक्यावानी हुबा ऱ्हाऊ नगं."

आत गेल्यावर त्यानं पहिल्यांदा दीपालीच्या उशाशी जाऊन तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. घामानं केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे, वय त्याच्याएवढंच. "ताई, म्या रामहरी. सिस्टरसंगं म्याबी हाय. चालंल का?"

दीपालीनं डोळे मिटूनच मान हलवली. "कुणीबी असा. पर सोडवा मला ह्यातनं."

तो बोलत राहिला. माहेर कुठलं? लोहाऱ्याकडचं. आई येणार हाय का? निघालीय, जीपनं. मग आता कळ आली की दम धरा, हनुवटी छातीला लावा, म्या सांगतो तवा जोर करा. आपला आवाज आपल्यालाच ओळखीचा वाटत नव्हता, पण दीपाली त्याच्या सांगण्यावर श्वास घेत होती आणि सोडत होती. सिस्टर बाजूला सरल्या आणि त्याला पुढं घेतलं. बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. रामहरीचे हात तयार होते.

आणि तेवढ्यात बाळाचे ठोके उतरले.

अयोध्या सिस्टरांनी पुन्हा ऐकलं, आणि त्यांचा आवाज बदलला. "सरक. डॉक्टरांना बोलव."

रामहरी धावला. डॉक्टर शेजारच्या वॉर्डातून आले, त्यांनी बाळ ओढून घ्यायचं व्हॅक्यूम लावलं. मानेभोवती नाळेचा वेढा होता. तो सोडवून त्यांनी बाळ बाहेर घेतलं, तेव्हा ते निळसर, गप्प होतं. रामहरीनं ऊबदार कापड पुढं धरलं, बाळाला पुसलं, पाठ चोळली, सिस्टरांनी नाकातोंडातला चिकटा ओढून काढला. मग बाळ आधी कुरकुरलं आणि नंतर घसा काढून रडलं.

बाहेर कस्तुराबाई दाराशीच उभ्या होत्या. रामहरी दार उघडून "मुलगी हाय, आज्जी. दोघीबी चांगल्या हैत," असं सांगायला आला, तर त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

होस्टेलवर त्यानं केस लिहायला घेतली. बाईचं नाव, गाव, कळा कधी सुरू झाल्या, बाळाचं वजन. 'स्वतः केलेल्या' या सदराखाली. त्याच्याच खोलीत राहणारा, वर्गातला कृष्णराज पलंगावर पडून बघत होता.

"झालं एकदाचं," कृष्णराज म्हणाला.

"शेवटी डॉक्टरांनी घेतलं बाळ."

"मग? तू व्हतास की न्हाय तितं? मी नसतानाच्याबी लिहिल्यात. मॅडम काय बाळाला जाऊन इचारणार हैत व्हय?"

रामहरीनं केस लिहून पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी तो सह्या करणाऱ्या शिक्षिका, महादेवी मॅडम यांच्या टेबलासमोर उभा राहिला. मॅडम उमरग्याकडच्या, बोलणं कमी. एकेक पान उलटून त्या एखादा साधा प्रश्न विचारत आणि सही करत. रामहरीच्या आधी कृष्णराज गेला होता. त्याला विचारलेल्या सगळ्याची उत्तरं त्यानं झराझरा दिली होती, आणि त्याच्या सगळ्या सह्या झाल्या होत्या.

शेवटच्या पानावर मॅडम थांबल्या. "व्हॅक्यूम लागलं?"

"हो, मॅडम."

"बाळ कुणाच्या हातात आलं?"

'माझ्या' म्हणायला काहीच लागलं नसतं. रामहरीला ते निळं बाळ दिसलं, आणि त्याला धरून असलेले डॉक्टरांचे हात दिसले.

"डॉक्टरांच्या."

मॅडमनी पेन त्याच्याकडं केलं. त्यानं ते घेतलं आणि पानावर आडवी रेघ मारली.

"मदत केलेल्यांत लिही."

"त्या पुऱ्या झाल्यात, मॅडम."

"मग राहू दे." त्यांनी आधीच्या पानावर शेवटची सही केली आणि वही मिटून त्याच्या हातात दिली. "आता हिवाळी परीक्षेला बस. तुझी हजेरी चांगली आहे, ती धरली जाईल. अंतर्गत मार्कही तसेच राहतील. परत पहिल्यापासून काही करायचं नाही, एवढी एक केस तेवढी पूर्ण कर."

आवाजात राग नव्हता आणि कीवही नव्हती, त्यामुळं वाद घालायला जागाच राहिली नाही. बाहेर कृष्णराज मित्रांना फोन लावत होता. मागं वळून मॅडमना कृष्णराजबद्दल दोन शब्द सांगावेत असं रामहरीच्या मनात आलं, पण तो जिना उतरून सरळ एसटी स्टँडवर गेला.

ज्ञानोबाची मेंढरं तेव्हा गावाशेजारच्याच एका रानात बसवलेली होती. ऊन कलतीला आलं होतं. बाप मेंढरं कोंडायची वाघर ठोकत होता, रामहरीनं दुसऱ्या बाजूचे खुंट धरले. जाळं उभं राहिल्यावर बापानं विचारलं.

"नापास झालास?"

"न्हाय, दादा. बसूच दिलं न्हाय."

"का?"

रामहरीनं सगळं सांगितलं. कस्तुराबाईंचं, दीपालीचं, डॉक्टर आले त्याचं, मॅडमच्या प्रश्नाचं. कृष्णराजचं तेवढं सांगितलं नाही. ज्ञानोबा ऐकत ऐकत दोरीला गाठ मारत होता.

"अन् ते पोरगं रडलं का?"

"कुठलं?"

"तेच की. डागदरच्या हातातलं."

"रडलं की."

"मग झालं तर." ज्ञानोबानं गाठ ओढून बघितली. "परीक्षा काय, हिवाळ्यात दे. हिवाळा कुठं पळून चाललाय. चल, भाकरी खाऊ."

चटणी-भाकरी खाताना रामहरीच्या लक्षात आलं, की दोन दिवसांत आपण धड जेवलोच नव्हतो. त्यानं भाकरी पुन्हा मागून घेतली.

राहिलेली केस पुढच्या आठवड्यातच झाली. वाशीकडची एक बाई माहेरपणाला आली होती, हे तिचं तिसरं बाळंतपण. तिला रामहरीशी काही देणंघेणं नव्हतं, ती सिस्टरांशी गप्पा मारता मारता बाळंत झाली आणि बाळ त्याच्या ओंजळीत आलं. महादेवी मॅडमनी 'बाळ कुणाच्या हातात?' एवढंच विचारलं, आणि सही केली.

खरं तर नंतर त्याला लेबर रूममध्ये जायचं काही कारण उरलं नव्हतं. वर्गातली मुलं परीक्षा देऊन पांगली, कृष्णराजला सोलापूरच्या दवाखान्यात नोकरी लागली. अधूनमधून त्याचा फोन येई. "अजून तितंच हाईस व्हय?" रामहरी म्हणे, "तितंच." अयोध्या सिस्टरांना हाताखाली माणूस हवं होतं आणि याला करमत नव्हतं, एवढंच कारण. या जास्तीच्या दिवसांचे मार्क कुठं मिळणार नव्हते.

पण मार्कांचा विषय निघून गेला आणि त्याची मान आपोआप वर झाली. आलेल्या बाईला तो आधी नाव विचारी, मग आपलं सांगे, मग 'चालंल का' म्हणे. काही जणी नको म्हणत. तो 'बरं, ताई' म्हणून गरम पाणी आणायला, नातेवाइकांना धीर द्यायला निघून जाई. त्याचं त्याला वाईट वाटेनासं झालं. कळा मोजत बायकांच्या कमरा चोळणं, त्यांच्या शिव्या खाणं, पहिल्यांदा पाजताना बाळ नीट धरून देणं, या कशाचीच केस लिहायची नसते. ते सगळं तो त्या दिवसांत शिकला.

हिवाळी परीक्षेचा निकाल पुढं लागला. रामहरी पास झाला. लेखीचे मार्क बेताचेच होते, पहिला वर्ग थोडक्यात हुकला. आज तो एका ग्रामीण रुग्णालयात आहे, आणि पुरुष म्हणून त्याची ड्यूटी बहुतेक वेळा अपघात विभागातच लागते. लेबर रूमचं दार त्याच्या वाट्याला फारसं येत नाही. ते त्याच्या मनाला कधीकधी लागतं, पण तो ते बोलून दाखवत नाही.

प्रात्यक्षिकाच्या दिवसाचं मात्र सांगायला हवं. त्या दिवशी परीक्षेला मागं राहिलेली चारदोन मुलंमुली होती. परीक्षक म्हणून लातूरच्या एक बाई आल्या होत्या, चष्म्यातून सगळ्यांकडं सारख्याच कडक नजरेनं बघणाऱ्या. चिठ्ठी उचलल्यावर रामहरीला प्रसूतीनंतरच्या वॉर्डातली एक पहिलटकरीण आली. आदल्या दिवशीच बाळंत झालेली. परीक्षक बाई आणि महादेवी मॅडम कॉटच्या पायथ्याशी उभ्या. त्यानं नाव विचारलं, आपलं सांगितलं, विचारून पडदा ओढला, तपासलं, बाळाला छातीशी कसं धरायचं ते दाखवलं. तोंडी प्रश्न झाले. एका औषधाची मात्रा त्याला आठवली नाही, त्यानं 'आठवत नाही' म्हणून सांगितलं. परीक्षक बाईंनी 'जा' म्हटलं. तो पडदा बाजूला करून निघाला.

"ओ सिस्टर," मागून त्या बाळंतिणीनं हाक मारली.

परीक्षक बाई वळल्या. महादेवी मॅडमही वळल्या.

"तुमाला न्हाय," ती संकोचून म्हणाली आणि तिनं दाराकडं बोट केलं. "त्यास्नी. पोरीचं तोंड परत सुटलं बगा."

वॉर्डातल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रामहरी हसला नाही. मागं येऊन त्यानं कॉटशेजारच्या बेसिनवर पुन्हा हात धुतले, पुसले, आणि तिच्या कुशीला उशी सारली.

"आलो, ताई," तो म्हणाला. "द्या तिला हिकडं."