कडेची शाई

आधीच सांगते, मी तोंडाळ बाई आहे. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढली आणि माझी बोलणी न खाल्लेला डॉक्टर तिथे विरळाच. दुसऱ्याची चूक दिसली की मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. तेव्हा आता माझी सांगायची वेळ आलीये, तर तीही तशीच सांगते.

माझं काम असं. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ आमच्याकडे बरणीतून येते. तिचे काप करण्याआधी मी तिच्या कडांना शाई लावते. एका बाजूला निळी, दुसऱ्या बाजूला हिरवी, तळाला काळी. मग आमच्या मॅडम ते काप मायक्रोस्कोपखाली बघतात. रोग, म्हणजे कॅन्सर, शाईपासून लांब असला तर गाठ पुरती निघाली. शाईला टेकलेला असला तर त्या बाजूला तो माणसाच्या अंगात अजून शिल्लक आहे, पुन्हा कापायला हवं. कुठल्या बाजूने, ते रंगावरून कळतं. एक ब्रश आणि तीन बाटल्या. बघणाऱ्याला वाटावं, बाई रंगपेटी घेऊन बसल्यात.

माझा थोरला भाऊही शाईवरच जगला. दादा झाडांच्या आणि किड्यांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा, टाक काळ्या शाईत बुडवून. मुंगीच्या पायावरची लवसुद्धा अशी काढायचा की अभ्यासक भिंग घेऊन मोजत बसायचे. "एवढे फोटो निघतात, चित्रं कशाला हवीत?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "काय दाखवायचं आणि काय सोडायचं ते फोटोला कळत नाही गं. बिनडोक." बिनडोक फोटो की मी, ते त्याने सांगितलं नाही.

त्याच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला, मधोमध, गाठ आली. वर्षभर त्याने ती अंगावर काढली. वहिनी सांगून सांगून थकली. "टाक धरता येतोय ना? मग झालं," एवढंच त्याचं उत्तर. शेवटी मी जाऊन घरात तमाशा केला, तेव्हा कुठे सर्जनकडे आला.

घरच्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही, असा लॅबचा नियम आहे. मॅडमनी आठवण करून दिली. मी उसळले. "माझ्या भावाची गाठ त्या दुसऱ्या शिफ्टच्या धांदरटाच्या हातात देऊ? वेड लागलंय का मला?" मॅडम गप्प बसल्या. माझ्यापुढे सगळेच गप्प बसतात, तिथेच तर घात झाला.

बरणी उघडली. वरती कातडी, खाली मांस, आणि बोटांकडच्या टोकाला खुणेचा एक दोरा. कातडीवर एक काळा ठिपका होता. ऑपरेशनआधी घासूनही न गेलेला, त्याच्या चित्राच्या शाईचा. तो पाहिला आणि माझे डोळे भरून आले. अंगठ्याची बाजू कुठली आणि करंगळीची कुठली, डोकंच चालेना. म्हणून मी माझा उजवा हात शेजारी ठेवून बघितलं. मग अंगठ्याच्या बाजूला निळी लावली, करंगळीच्या बाजूला हिरवी.

शुक्रवारी रिपोर्ट आला. रोग हिरव्या शाईला टेकला होता. सर्जन म्हणाले, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागेल, येत्या बुधवारी. वहिनी रडली आणि रडता रडता हसली, कारण टाक धरायची बोटं वाचली होती. दादा तर खुशीत म्हणाला, "जाऊ दे करंगळी. जन्मभर कागदावर नुसती लोळली, एक रेघ काढली नाही भवानीने."

मंगळवारी दुपारी मी वॉर्डमध्ये गेले. सर्जनने दुसऱ्या दिवशीच्या कापाची खूण जांभळ्या पेनने त्याच्या हातावर काढून ठेवली होती. दादाने हात पांघरुणावर पालथा ठेवला. "बघ कशी थरथरती रेघ काढलीये! ह्या माणसाच्या हातात सुरी द्यायची?"

मी हसले. आणि हसता हसता त्या हाताकडे बघितलं. हात पालथा होता, अंगठा डावीकडे. गाठ हाताच्या मागच्या बाजूची. ती कातडी वर आणि दोऱ्याचं टोक पुढे करून ठेवली तर तिच्याही अंगठ्याची बाजू डावीकडेच येणार. मी मात्र माझा हात शेजारी ठेवला होता तो उताणा. उताण्या हाताचा अंगठा उजवीकडे.

लॅबमध्ये पळत गेले. उरलेला तुकडा बरणीत होता. ह्या वेळी हात पालथा ठेवून बघितलं. तीनदा बघितलं. हिरवी शाई अंगठ्याच्या बाजूला होती.

परत वर गेले, वहिनीला चहा आणायला पाठवलं आणि दादाला सगळं सांगितलं.

"म्हणजे अंगठा जाणार," तो म्हणाला.

"अंगठा, आणि त्याच्या शेजारचं बोट."

त्याने डाव्या हाताचं बोट त्या जांभळ्या रेघेवरून फिरवलं. मग विचारलं, "कुणाकुणाला माहीत आहे हे?"

"तुला आणि मला."

"मग झालं तर. उद्या ते करंगळी काढतील, मी घरी जाईन. किती दिवस मिळतील मला? दोन वर्षं?"

"दादा, काय बोलतोयस तू! रोग आत राहील. फुफ्फुसात जाईल."

"पुस्तकाची चाळीस चित्रं राहिलीत. दोन वर्षांत होतील. चूक तुझी आहे, पण मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. तू फक्त गप्प बस. आयुष्यात एकदा तरी गप्प बस गं."

खोटं कशाला बोलू, मी गप्प बसणार होते. त्याचा हात राहिला असता, माझी नोकरी राहिली असती, माझी अब्रू राहिली असती. जिन्यापर्यंत गेले तेव्हा माझं ठरलंही होतं. तेवढ्यात खालून वहिनी तीन कप सांभाळत वर आली. "वन्सं, सर्जन भेटले होते खाली. म्हणाले, उद्याचं नीट पार पडलं की पुढे घोर नाही. किती दिवसांनी झोप लागेल मला आज." मी तिच्या हातातला कप घेतला, जिन्यातच ठेवला आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेले.

मॅडमनी तुकडा स्वतः बघितला, सर्जनला फोन लावला, रिपोर्ट बदलला. मला म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका.

बुधवारी सकाळी सर्जनने दादाला सगळं समजावलं. "नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे," असंही सांगितलं. दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "अहो, सही करा. मला तुम्ही हवे आहात." माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

नर्सने संमतीचा कागद पुढे केला. "उजवा हात ऑपरेशनसाठी बांधून ठेवलाय, डाव्या हाताने करा, कशीही झाली तरी चालेल." दादाने डाव्या हातात पेन धरलं आणि कागदावर टेकवलं. वेडीवाकडी, हेलकावे खाणारी एक रेघ उमटली. तिच्याकडे तो बघत राहिला. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "अंगठा घ्या माझा."

"अहो काका, तुम्हाला लिहिता येतं ना?"

"कालपर्यंत येत होतं."

नर्स गडबडली. कुठूनतरी शाईचं पॅड घेऊन आली आणि त्याचा हात धरायला गेली, तर त्याने हात मागे घेतला. डावा अंगठा माझ्यापुढे केला.

"तू लाव शाई. तुझंच काम आहे ना हे? फक्त ह्या वेळी नीट बघून लाव."

मी त्याचा अंगठा पॅडवर दाबला, मग कागदावर दाबला. ठसा चांगला उमटला. त्याने अंगठा चादरीला पुसला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

ह्याला सात वर्षं झाली. दादा धडधाकट आहे, रोज फिरायला जातो, असं वहिनीकडून कळतं. माझ्याशी तो अजून बोललेला नाही.