तारांखालचा मोजा

गिटारच्या तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात, तिला घोडी म्हणतात. त्या घोडीला खेटून, तारांच्या खाली, बाळाचा एक मोजा कोंबला की गिटार बोलायची थांबते आणि कुजबुजायला लागते. ही युक्ती मला गरजेनं सुचली. माझी लेक ढबू दुपारी झोपायची, पण ती झोप म्हणजे नुसती नावाला. स्वयंपाकघरात चमचा पडला तरी एक डोळा उघडून चौकशी करणार. तेव्हा मोजा कोंबायचा, तिच्याकडे पाठ करून खिडकीशी बसायचं आणि वाजवायचं. हाताला सगळं कळायचं, कानाला फक्त ठपठप.

मोजा तपकिरी होता. सासूबाईंनी ढबूसाठी सगळे मोजे तपकिरीच विणले होते, मळ दिसत नाही म्हणून. बाळाला जरा गुलाबी, पिवळं काही विणायचं, असं मी एकदा म्हणून पाहिलं होतं. त्यावर, गुलाबी मोजे धुवायला तू बसणार का मी, असं त्यांनी विचारलं आणि तो विषय मिटला.

गिटार मात्र माझी नव्हती, मला वाजवायला शिकवणाऱ्या मास्तरांची होती. पोकळ पोटाची, जुन्या घडणीची, दोन्ही बाजूंना व्हायोलिनला असतात तशा नागमोडी खाचा असलेली. जिथं मास्तरांचं कोपर वर्षानुवर्षं टेकलं, तिथली चकाकी उडून आतलं लाकूड उघडं पडलं होतं. ती मांडीवर घेतली की तिची पाठ आपल्या पोटाला लागते आणि खालची जाड तार छेडली की आपल्याही आत काहीतरी घुमतं. ढबू पोटात होती तेव्हा त्या जाड तारेला ती हमखास लाथ मारायची. आवडलं म्हणून का नावडलं म्हणून, ते तिनं अजून सांगितलेलं नाही. शेवटी शेवटी माझं पोट आणि गिटारचं पोट यांचं जागेवरून भांडण लागलं आणि गिटारला माघार घ्यावी लागली.

त्याआधी आम्ही तिघं दर शनिवारी दुपारी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, जॅझ वाजवायचो. मास्तर, मी आणि डॉक्टर. डॉक्टर दाताचे. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला सांगायचे आणि शनिवारी स्वतः तोंड मिटून डबल बास वाजवायचे. बास म्हणजे उभं धरायचं अजस्र व्हायोलिनच, त्यांच्याहून उंच. समोरून पाहिलं तर एक कान, चार बोटं आणि बूट एवढेच डॉक्टर दिसत.

आमच्या वाजवण्याची रीत सोपी आहे. सगळ्यांनी मिळून गाण्याची चाल एकदा वाजवायची. मग चाल सोडून द्यायची, पण तिच्या खालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ, तसेच फिरत ठेवायचे, आणि त्यांच्यावर प्रत्येकानं आळीपाळीनं आपलं काहीतरी रचायचं, तो त्याचा सोलो. तिथल्या तिथे, जे त्या घटकेला सुचेल ते. शेवटी पुन्हा चालीवर यायचं आणि घरी जायचं. यातलं पहिलं आणि शेवटचं मला उत्तम जमायचं. मधलंच अडायचं.

म्हणून मी रेकॉर्डवरचे सोलो पाठ करायचे. एकेक तुकडा हळू करून ऐकायचा, बोटांत बसवायचा आणि शनिवारी जसाच्या तसा मांडायचा. यात चोरी काही नव्हती, सगळ्यांना माहीत होतं. मास्तर मला पाठांतरबाई म्हणायचे. तुझ्या सोलोत मी कुठं पान उलटायचं ते आता मला कळतं, असं डॉक्टर म्हणायचे, आणि त्यांच्यासमोर पान कधीच नसायचं. मी हसायचे. पण मास्तरांनी मानेनं खूण केली की मी आधी मनात पाठ केलेले तुकडे मोजून घ्यायचे. पाठ केलेलं संपलं आणि कॉर्ड अजून फिरतच राहिले तर काय करायचं, हे मला खरंच माहीत नव्हतं.

मास्तरांच्या बोटांचे सांधे धरायला लागले तेव्हा त्यांनी ही गिटार माझ्याकडे दिली आणि स्वतःसाठी हलक्या तारांची एक साधी गिटार घेतली. तिच्यावर ते फक्त कॉर्ड धरत, तेही मोजके. वाजवशील तोवर तुझ्याकडे राहू दे, एवढंच म्हणाले होते. मग ढबू आली, आणि वाजवणं म्हणजे खिडकीशी बसून ठपठप एवढंच उरलं.

ढबू बसायला लागली त्या सुमारास मास्तर घरी आले. ढबूला बघायला म्हणून आले, आणि आधी खरंच बघितलंही. तिची मूठ उघडून बोटं तपासली, लांब आहेत म्हणाले. पायाचीही बघून घ्या, सगळं खानदान लांब पायांचं आहे, असं सासूबाईंनी सुचवलं. तेही त्यांनी बघितलं. मग चहाचा कप खाली ठेवून मूळ मुद्द्यावर आले. कॉफीवाल्याला शनिवारची बैठक पुन्हा नियमित हवी होती. एक तरुण गिटारवाला तयार होता, हात चांगला होता, फक्त वाद्य यथातथाच होतं. मास्तरांना त्याला काहीतरी उत्तर द्यायचं होतं.

"या शनिवारी ये," ते म्हणाले. "पण पाठ केलेलं आणू नकोस. रेकॉर्ड माझ्या घरी आहे. मला तुला ऐकायचंय."

नाही जमलं तर, असं मी विचारलं.

"तर जागा त्याची, आणि गिटारही. रागावू नकोस. वाद्य पडून राहिलं की मुकं होतं."

मी रागावले नाही. ते गेल्यावर मात्र गिटारच्या पेटीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. ती पेटी त्या कोपऱ्यातून उचलली गेली तर तिथं काय ठेवायचं, हे काही केल्या सुचेना. सासूबाई म्हणाल्या, बाळाच्या कपड्यांची टोपली ठेवता येईल. मग माझं तोंड पाहून म्हणाल्या, टोपली आहे तिथंच बरी आहे.

आता शहाणपणा बघा. पाठ केलेलं नको म्हणजे रेकॉर्डवरचं नको, असा अर्थ मी काढला. मग मी माझाच सोलो रचला आणि तो पाठ केला. सुरुवातीला एक लांब सूर. तो सोडून द्यायचा आणि खोलीभर रेंगाळू द्यायचा. तो विरता विरता त्याच्यामागून खाली उतरणारी एक लकेर, मग पुन्हा एक लांब सूर. आठवडाभर ढबू झोपली की मोजा कोंबून मी तेच घोटत होते. सूर काही रेंगाळत नव्हता, तो ठप करून जागच्या जागी बसत होता. पण रेंगाळणं मी मनात ऐकत होते आणि मला ते फार सुंदर वाटत होतं.

बाकीचा दिवस ढबूचा. कपडे बदलताना तिच्याशी गप्पा चालायच्या. ती म्हणायची, "ब." मी म्हणायचे, "ब? असं कसं, ब?" ती जरा विचार करून, "ब्ब-बा." मग मी तिचंच उचलून जरा वर नेऊन परत द्यायचे, आणि तिला ते इतकं पटायचं की दोन्ही पाय हवेत जायचे. सासूबाई दारातून बघून म्हणायच्या, एक अक्षर कळत नाही, पण भांडण चांगलं रंगलंय.

शनिवारी नवऱ्याला कामावर जाणं भाग होतं, म्हणून सासूबाई बरोबर आल्या. सगळं वेळेवर चाललं होतं. गिटार घरीच सुरात लावून घेतली होती. तिच्या डोक्याला एक चिमटा लावला की सूर जमल्यावर हिरवा दिवा लागतो, त्याला आवाज लागत नाही, तारेचं थरथरणं पुरतं. पण कॉफीच्या दुकानाचा जिना चढताना ढबूला भूक आठवली, आणि भूक ही गोष्ट ती एकटीनं सोसत नाही, सगळ्या इमारतीला सोसायला लावते. मी मागच्या कोठीत, कॉफीच्या पोत्यांवर बसून तिला पाजायला घेतलं. बाहेर वेळ झाली. दाराआडून मास्तरांचे मोजके कॉर्ड ऐकू आले, डॉक्टरांचा बास चालू लागला. ते माझ्याविना सुरू झाले होते.

ढबूचं पोट भरल्यावर सासूबाईंनी तिला खांद्यावर घेतलं आणि मला नुसत्या नजरेनं बाहेर ढकललं. मी पेटीतून गिटार काढली, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, ध्वनिवर्धकाची वायर जोडली. टेबलं भरलेली होती. पुढच्याच टेबलाशी एक तरुण मुलगा बसला होता, आणि त्याच्या डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर कॉर्ड बदलत होती. तोच असणार. चाल संपून गेली होती, डॉक्टरांचा सोलो आटपत आला होता. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

मी माझा लांब सूर सोडला.

ठप.

दुसरा. ठुप.

तपकिरी गिटारवर तपकिरी मोजा, तोही मनगटाखाली. दिसणार कसा? घाईत मी तो काढलाच नव्हता. आठवडाभर घोटलेला माझा तो सगळा सोलो रेंगाळण्यावर उभा होता, आणि इथं रेंगाळायला कोणी तयार नव्हतं. कॉर्ड फिरत होते.

तेवढ्यात बासच्या मागून एक कान पुढं आला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझं ठप-ठुप जसंच्या तसं, तेवढंच अंतर ठेवून, आपल्या जाड तारेवर वाजवलं. ढुम. ढुम. त्यांनी बहुधा थट्टाच केली असावी. पण कोणी विचारलं की उत्तर द्यायची मला सवय लागली होती. मी त्यांचंच उचललं, शेपटीला एक बारीक ठप जोडलं आणि परत दिलं. ते त्यांना पटलं. त्यांनी उलटं करून दिलं. मी त्यातलं अर्धंच घेतलं आणि पुढची जागा रिकामी सोडली.

त्या रिकाम्या जागेत कोठीच्या दारातून ढबू ठणकावून म्हणाली, "ब."

लोक हसले. तिला उत्तर न देता राहणं मला जमतच नाही. मी तेच वाजवलं, ठप, मग जरा वर नेऊन, ठप-ठपा, आणि ती ओरडली, आणि मी आणखी वर गेले. कुठल्या कॉर्डवर आहोत ते मला माहीत होतं, पण आता पुढं काय वाजवायचं हे माहीत नव्हतं, आणि त्याची भीती वाटायला सवडच नव्हती. मास्तरांनी कॉर्ड धरणं थांबवून हात मांडीवर ठेवले होते. पायानं ताल मात्र धरला होता.

कॉर्डांचा फेरा पुन्हा पहिल्यावर आला तेव्हा मी दोन बोटांनी मोजा ओढून काढला आणि गुडघ्यावर ठेवला. आणि बोटं जिथं होती तिथंच तार छेडली. तो मी ठरवलेला सूर नव्हता. जरा चुकीचाच होता, शेजारच्या घरात शिरल्यासारखा. पण इतका वेळ तोंड दाबून बसलेली ती गिटार अशी काही बोलली, की तिची पाठ माझ्या पोटावर थरथरली. मी सूर गिटारच्या दांडीवर एक घर वर सरकवला आणि तो बरोबर झाला. मग तो चुकीचा होता असंही म्हणता येईना. पुढचं मला नीटसं आठवत नाही. आठवत नाही याचाच मला आनंद आहे. नाहीतर मी ते पाठ केलं असतं.

शेवटी आम्ही चालीवर आलो. टाळ्या पडल्या, तरुण मुलानंही वाजवल्या, मनापासून. मास्तरांनी त्याच्याजवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी समजावलं. नंतर मला कळलं, आपल्याकडची साधी गिटार त्यांनी त्याला देऊ केली होती, महिन्यातून एकदा येऊन डॉक्टरांची झोप उडव म्हणून. मग ते माझ्याकडे आले. मी गिटार पेटीत ठेवत होते, आणि पेटी बंद करू की नको अशी अडले होते.

"घरी ने," मास्तर म्हणाले.

एवढंच. मग गुडघ्यावरून खाली पडलेला मोजा त्यांनी उचलला, उलटसुलट पाहिला, आणि हा कुठल्या दुकानात मिळतो असं गंभीरपणे विचारलं. सासूबाईंनी तो त्यांच्या हातून काढून घेतला. आमच्या पोरीचा एक पाय मघापासून उघडा आहे, म्हणाल्या, तुमचं झालं असेल तर. डॉक्टर म्हणाले, मास्तरांसाठीही एक जोडी विणा, मळ दिसायचा नाही. सासूबाईंनी त्यांना विचारलं की बासला कुठल्या मापाचा मोजा लागेल, आणि डॉक्टर पुन्हा बासच्या मागे गेले.

एवढ्या गलक्यात ढबू सासूबाईंच्या खांद्यावर गाढ झोपली होती. कपबशा वाजत होत्या, खुर्च्या सरकत होत्या. तिला कशाचंच काही नव्हतं.

पुढच्या दुपारी ती झोपल्यावर मी सवयीनं टोपलीतून मोजा घेतला, आणि परत ठेवला. खिडकीशी बसले, पण तिच्याकडे पाठ केली नाही. जाड तार हलकेच छेडली. सूर खोलीभर फिरला, पाळण्यावरून गेला, पडद्यापर्यंत पोचला. ढबूचा एक डोळा उघडला. तिनं आधी माझ्याकडे, मग गिटारकडे बघितलं. मी दुसरा सूर वाजवायचा थांबले, तिला काही म्हणायचं असेल तर म्हणू दे म्हणून.

चौकशी संपली असावी. डोळा मिटला, आणि चादरीखाली तिचा एक पाय जरासा हलला. मी पुढचा सूर वाजवला.