पाकीट उघडायचं नाही

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात एकही कागद न वाचता पुढे जाऊ दिला नाही. आमच्या लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना माझ्या वडिलांनी ह्यांच्याकडे धुळ्याला पाठवला, तर चार दिवसांनी तो लाल पेन्सिलीच्या अकरा खुणांसकट परत आला. मुहूर्ताच्या वेळेपुढे तर प्रश्नचिन्ह होतं. वडील म्हणाले, "मुलगा बारकाईचा दिसतो." आई म्हणाली, "पोरीचं कठीण आहे." दोघांचंही खरं निघालं.

ह्यांची बँकेची नोकरी. सुरतेला बदली झाली आणि आम्ही कायमचे तिथल्या उधन्याचे झालो. मी महापालिकेच्या मराठी शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या, ह्यांनी चौतीस वर्षं मोठ्या माणसांचे कागद तपासले. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आता औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी भिंग घेऊन वाचतात, आणि वाचून झाली की औषध घ्यायला नकार देतात. अशा माणसावर आमच्या लेकीने एक पाकीट आणायचं काम सोपवलं, आणि अट घातली की ते उघडायचं नाही.

लेक म्हणजे तेजस्विनी. सुरतेतच नर्सिंगची पदवी घेतली, इथल्याच एका रुग्णालयात चार वर्षं अतिदक्षता विभाग सांभाळला. तीन वर्षांपूर्वी कॅनडाला गेली आणि तिथे तिच्या पदवीला कुणी विचारेना. नर्स म्हणून नोंदणी हवी तर आधी इथल्या शिक्षणाची छाननी, मग इंग्रजीची परीक्षा, मग आणखी एक परीक्षा. तोवर टोरांटोजवळच्या एका वृद्धाश्रमात मदतनीस. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलून द्यायची. एखाद्या आजीला धाप लागली तर काय करायचं ते हिला बरोबर कळतं, पण करायची परवानगी नाही. नर्सला हाक मारायची आणि बाजूला उभं राहायचं. "आई, बाजूला उभं राहण्याचा मला आता तीन वर्षांचा अनुभव आहे," असं ती हसत सांगते. मला हसू येत नाही.

छाननीतला एकच कागद राहिला होता. कॉलेजने तिच्या गुणांचा आणि प्रत्यक्ष कामाच्या तासांचा तक्ता द्यायचा, तो स्वतः पाकिटात घालून चिकटवायचा, चिकटवल्या जागेवर सही-शिक्का मारायचा, आणि ते पाकीट थेट तिकडच्या कचेरीतच उघडलं जायला हवं. ३१ मार्चच्या आत पोचलं नाही तर फाइल बंद. पुन्हा अर्ज, पुन्हा इंग्रजी, पुन्हा दीडेक वर्ष. ३१ मार्च म्हटलं की बँकेच्या माणसाची तशीही झोप उडते. ह्यांनी काम अंगावर घेतलं.

"बाबा, माझ्यामागे म्हणा," तेजू फोनवर म्हणाली. "पाकीट उघडायचं नाही."

"पाकीट उघडायचं नाही."

"उघडलं की बाद."

"उघडलं की बाद. अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

तिने तीनदा म्हणून घेतलं. पोरगी बापाला ओळखून होती.

कॉलेजात सहा खेपा झाल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा साहेब हजर पण शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली हरवलेली. शेवटी तिथला शिपाई भिकन मदतीला धावला. लिंबायतला राहणारा, मूळचा ह्यांच्या धुळ्याजवळच्या शिंदखेड्याकडचा. त्याच्या तोंडून अहिराणी ऐकली आणि आमचे हे विरघळले. घरी माझ्याशी परिपत्रकासारखं बोलणारा माणूस तिथे "काय भो, कसं काय चालनं?" करत चहा प्यायला लागला. वीस मार्चला पाकीट घरी आलं. म्हटलं, घोडं गंगेत न्हालं एकदाचं.

मी ते देवापुढे ठेवलं आणि कुंकवाचं बोट घेऊन वाकले, तर हे मागून केवढ्याने ओरडले, "खबरदार! डाग पडला की बाद होईल!" मी बोट मागे घेतलं. माणूस नियमाला किती पक्का, असं वाटून मला थोडं कौतुकही वाटलं. इथेच माझं चुकलं.

भाजीला निघाले तेव्हा हे पाकीट खिडकीच्या उजेडात धरून उभे होते.

"आत किती पानं असतील गं?"

"असतील तितकी."

"चार हवीत."

"ठेवा ते खाली."

त्यांनी ठेवलं. मी तासाभराने परत आले, तर जेवणाच्या टेबलावर पाकीट सरळ रेषेत चिरलेलं. शेजारी निरोप समारंभात बँकेने दिलेली कागद कापायची सुरी. चार पानं ओळीने मांडलेली, आणि ह्यांच्या हातात लाल पेन्सिल.

माझ्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. पुढे मी जे बोलले ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं असणार, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"आधी ऐकून घे," हे म्हणाले. "तिसरं पान आपलं नाही."

मी पाहिलं. पहिलं, दुसरं आणि चौथं तेजूचं. तिसऱ्यावर नाव कुण्या रोहितचं.

"मी उघडलं नसतं, तर हे असंच गेलं असतं," हे म्हणाले, आणि तोंडावर चक्क विजय! एक तर चोरी, वर शिरजोरी. पण खरं सांगते, नुसतं ह्यांच्यावर रागावण्यातही अर्थ नव्हता. न उघडता गेलं असतं तर चुकीच्या पानापायी फाइल बंद झाली असती, आणि उघडल्यामुळे पाकीट बाद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजूला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, एवढं एकच सांगितलं होतं मी." ह्यांनी घाईघाईने तिसऱ्या पानाचं सांगितलं.

"त्याच पानावर माझं बाळंतपणाचं आणि मनोरुग्णांचं काम आहे," ती म्हणाली. "ते लोक नेमकं तेच मागताहेत. आता काय करायचं?"

"आणतो," हे म्हणाले. फोन ठेवल्यावर विजयबिजय काही उरला नव्हता. लाल पेन्सिल त्यांनी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली.

या खेपेला मीही बरोबर गेले, कारण आता विश्वास कुणाचा धरायचा? रिक्षात मी पढवत होते, "सांगा, खिशातून काढताना फाटलं. सांगा, कामवालीने कचरा समजून उघडलं." हे बाहेर बघत बसले.

खिडकीतल्या कारकुनाने चिरलेलं पाकीट उलटसुलट पाहिलं. "काका, कवर कोणे खोल्युं?"

मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "में खोल्युं."

"तो पछी पानुं तमे ज नहीं बदल्युं होय, एनी शी खातरी?"

म्हणजे पान आम्हीच बदललं नसेल कशावरून! मी भडकलेच. पोटच्या पोरीचं पान आम्ही बदलू? पण आमचे हे माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं." वकील आपला आणि बाजू मांडतो समोरच्याची, अशातली गत.

कारकून म्हणाला, नवा अर्ज करा, पंदर दिवस थशे. पंधरा दिवस म्हणजे ३१ मार्च उलटून जाणार. हे बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पाठ कधी न टेकणारा माणूस भिंतीला टेकून बसलेला पाहिला आणि माझा राग निम्मा झाला.

भिकन चहाचे ग्लास घेऊन चालला होता, तो थांबला. "भाऊसाहेब, काय व्हयनं?"

ह्यांनी सगळं सांगितलं. "कसाले उघाडं ते?" असं म्हणत भिकनने आधी कपाळावर हात मारला. मग ग्लास बाकावर ठेवले. "पन त्या रोहितनं पान तुमना पाकिटमा, मंग तुमनं पान कोठे गयं?"

चौतीस वर्षांचा तपासनीस आणि एकतीस वर्षांची मास्तरीण, आणि हा साधा प्रश्न दोघांपैकी एकालाही सुचला नव्हता.

भिकन आत गेला. रोहितचंही पाकीट त्याच दिवशी तयार झालं होतं आणि न्यायला अजून कुणी आलं नव्हतं, कपाटातच पडून होतं. सही-शिक्का शाबूत. कारकुनाने साहेबांना विचारून ते सगळ्यांसमोर उघडलं, आणि तिसरं पान निघालं आमच्या तेजूचं. आम्ही हात न लावलेल्या बंद पाकिटातून निघालं म्हणजे अदलाबदल ऑफिसातच झाली होती. कारकून ते पान बाजूला ठेवून नवे कागद छापायला बसला.

सही झाली. पाकिटाला डिंक लावायच्या आधी त्याने चारही पानं खिडकीतून बाहेर सरकवली. "काका, पहेलां तमे वांची लो. पछी ज चोंटाडुं."

आधी तुम्ही वाचा, मगच चिकटवतो, असा मान ह्यांना बँकेने निरोपाच्या दिवशीही दिला नव्हता. चष्मा पुसून हे बाकावर बसले आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायला लागले. मी शेजारी बसून आता कुठली चूक निघते याची वाट पाहत होते. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"सुनंदा, वीस बाळंतपणं."

"काय?"

"हिने वीस बाळंतपणं केलीत. शिकत असताना. इथे लिहिलंय." मग बोट खाली सरकलं. "मनोरुग्ण विभाग, तीनशे वीस तास." मान वर करून म्हणाले, "मला कधी बोलली नाही."

इतकी वर्षं मी जे गिळलं होतं ते तिथे त्या बाकावर बाहेर पडलं. तेजूने नर्सिंगला नाव घातलं तेव्हा हे महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. त्यांना ती बँकेच्या परीक्षेला बसायला हवी होती. धुळ्याचे नातेवाईक विचारायचे तेव्हा सांगायचे, "मेडिकल लाइनला आहे." याच कॉलेजच्या सभागृहात मुलींनी हातात दिवे घेऊन शपथ घेतली, त्या दिवशी मी एकटी आले होते. ह्यांचं ऑडिट होतं म्हणे. ऑडिट बुधवारी होतं, शपथ मंगळवारी. मला ठाऊक होतं आणि तेजूलाही.

"तुम्ही विचारलंत कधी?" मी म्हटलं. "कॅनडावाले पोरीची पदवी मानत नाहीत म्हणून तीन वर्षं तणतणताय. तुम्ही तरी कुठे मानली होती?"

मला वाटलं, चिडतील. चिडले नाहीत. पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले, आणि या खेपेला काही तपासत नव्हते, हे मला दिसत होतं. मग चष्मा काढला आणि खिशातून रुमाल. "चूक नाही," म्हणून कागद खिडकीत दिले. तरी शिक्का मारताना "अर्धा झाकणावर, अर्धा पाकिटावर," हे सांगायला चुकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, बावीस तारखेला, कुरियरला निघायचं होतं. पाकीट रात्रभर देवापुढेच होतं आणि मी कुंकवाच्या करंड्याला हातसुद्धा लावला नव्हता. हे चपला घालून दारात आले, पाकीट छातीशी धरलेलं. तिथेच थांबले.

"करंडा आण."

"डाग पडेल," मी म्हटलं. बोलायची संधी मी का सोडू?

"पाकिटाला नको." त्यांनी मान खाली घातली. "मला लाव."

मी लावलं. जरा मोठंच लागलं.

उधन्याच्या कुरियरवाल्याकडे रांग होती, मागेपुढे साड्यांची पार्सलं घेतलेली माणसं. काउंटरवरच्या बाईने पाकीट तराजूवर ठेवलं. "अंकल, अंदर क्या है?"

"कागज."

"किसके?"

"मेरी बेटी के," हे म्हणाले, आणि पुढचं बाईने विचारलेलंच नव्हतं. "नर्स है वो."

तिने नर्सिंगला नाव घातल्यापासूनच्या अकरा वर्षांत हा शब्द ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटलं, झालं. पण हे मागे रांगेकडे वळले, कपाळावर ते एवढं मोठं कुंकू, आणि साड्यांच्या गठ्ठ्यावर टेकलेल्या माणसाला सांगायला लागले, "बीस बच्चे उसके हाथ से पैदा हुए हैं. पढ़ते-पढ़ते! तीसरे पन्ने पे लिखा है."

तो माणूस बिचारा "अच्छा, अच्छा" म्हणाला. बाई म्हणाली पाच दिवसांत पोचेल, आणि तिने पावती दिली. ह्यांनी चष्मा चढवला आणि पावती वाचायला घेतली, आधी पुढून, मग मागून, मागच्या बारीक अक्षरातल्या अटींसकट. रांग खोळंबली. कुणीतरी मागून चुळबुळ केली.

एरवी मी बाही धरून ओढलं असतं. आज म्हटलं, "थांबा हो जरा. वाचू द्या त्यांना."